घड्याळाला ‘माहीत नाही’ म्हणता आलं पाहिजे

व्यायाम करणारी चार माणसं एकत्र जमली की हृदयाचे ठोके दाखवणाऱ्या मनगटावरच्या घड्याळाचा विषय निघतो आणि विषय निघाला की वाद ठरलेला. एक म्हणतो, घड्याळ अगदी अचूक आहे, मी छातीच्या पट्ट्याशी ताडून पाहिलंय, एखाद्या ठोक्याचा फरक पडतो. दुसरा म्हणतो, काही अर्थ नाही त्यात, मी नुसता उभा होतो आणि १४० दाखवत होतं. मग दोघंही आपापला पुरावा काढतात आणि वाद ‘खरं की खोटं’ यापलीकडे सरकत नाही. मला या वादाचा त्रास होतो, कारण दोघांनीही पाहिलेलं खरं असू शकतं आणि बहुतेक वेळा असतंच. तेच घड्याळ, तोच हात, सकाळी बरोबर आणि संध्याकाळी चूक. फसलाय तो प्रश्न. माझं म्हणणं आधीच सांगतो: व्यायामात घड्याळ चुकतं हा त्याचा मोठा दोष नाही, चुकत नाही असं मोजमापाचं साधन आजवर झालेलं नाही. दोष हा आहे की चुकत असतानासुद्धा ते बरोबर असतानाच्याच ठामपणे आकडा दाखवतं. आपली खात्री कधी आहे आणि कधी नाही, हे ते आपल्याला कळू देत नाही.

मराठीत या बाबतीत दोन वेगळे शब्द आहेत आणि ते वेगळे ठेवण्यात मोठं शहाणपण आहे. ठोके हृदयाचे, नाडी मनगटाची. छातीचा पट्टा ठोके मोजतो: हृदयाचा स्नायू आकुंचन पावण्याआधी त्यातून जी विजेची सूक्ष्म लहर जाते, ती तो त्वचेवरून टिपतो. नेदरलँड्समधल्या लायडनच्या विलेम आइंटहोवन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तारेच्या गॅल्व्हानोमीटरने, म्हणजे सूक्ष्म वीज टिपणाऱ्या यंत्राने, हीच लहर नीट नोंदवून दाखवली आणि त्यासाठी त्यांना १९२४ चं नोबेल मिळालं. मनगटावरचं घड्याळ यातलं काहीच करत नाही. ते त्वचेवर हिरवा प्रकाश टाकतं आणि किती परत आला ते पाहतं. हिमोग्लोबिन हिरवा प्रकाश चांगला शोषून घेतं, त्यामुळे रक्ताची लाट आली की परतणारा प्रकाश किंचित कमी होतो, लाट ओसरली की किंचित वाढतो. प्रकाशाने रक्ताची ही भरती-ओहोटी मोजण्याचं तंत्र १९३०च्या दशकाच्या अखेरीस ॲलरिक हर्ट्झमन या अमेरिकी शास्त्रज्ञाने मांडलं होतं. म्हणजे घड्याळ पाहतं ती नाडी, तीसुद्धा धमनीतली नव्हे, तर त्वचेखालच्या बारीक केशवाहिन्यांपर्यंत पोचलेली तिची शेवटची हलकी थरथर. पडद्यावर मात्र हृदयाचं चित्र आणि त्याशेजारी आकडा.

नाडी आणि ठोके यांत फरक पडू शकतो हे वैद्यकाला घड्याळांच्या कितीतरी आधीपासून ठाऊक आहे. हृदयाची लय बिघडलेली असेल तर काही ठोके इतके दुबळे पडतात की त्यांची लाट मनगटापर्यंत पोचतच नाही. अशा रुग्णाजवळ दोघांनी एकाच मिनिटात मोजायचं, एकाने छातीला स्टेथोस्कोप लावून आणि दुसऱ्याने मनगट धरून, ही पद्धत जुनी आहे. दोन आकड्यांतला फरक हीच तिथे महत्त्वाची माहिती असते. निरोगी माणसात असा फरक सहसा नसतो, हे मान्य. पण निरोगी माणूस पळायला लागला की वेगळीच अडचण उभी राहते. हात हलतो, घड्याळ त्वचेवर सूतभर सरकतं, फटीतून बाहेरचा उजेड शिरतो, हाताच्या झोक्याबरोबर रक्तही हिंदकळतं. हे सगळे बदल नाडीच्या थरथरीपेक्षा कितीतरी मोठे असतात. या गोंगाटातून नाडी वेगळी काढण्यासाठी घड्याळ हालचाल टिपणाऱ्या दुसऱ्या सेन्सरची मदत घेतं आणि हाताच्या हालचालीशी जुळणारा भाग वजा करतं. बहुतेकदा ते जमतं. पण पळताना पावलं मिनिटाला १६० ते १८० पडतात आणि जोरात पळणाऱ्याचे ठोकेही त्याच्याच आसपास असतात. इथे घड्याळाचं गणित कधी कधी नाडी सोडून पावलांचाच हात धरतं.

हे माझ्याबाबतीत घडलं. कडाक्याच्या थंडीतली सकाळ होती, सोबत्याशी गप्पा मारत सावकाश पळत होतो. धाप नव्हती, पूर्ण वाक्यं बोलता येत होती. मनगटाकडे पाहिलं तर १७४. पाच मिनिटांनी पाहिलं, पुन्हा १७४. थांबलो, जबड्याखाली गळ्यावर दोन बोटं ठेवली आणि पंधरा सेकंद मोजले: ३४, म्हणजे मिनिटाला १३६. थांबल्याबरोबर ठोके उतरू लागतात, तेव्हा पळताना ते १४० च्या आसपास असतील असं धरू. घड्याळावर तेव्हाही १६८ होते. अर्ध्या मिनिटाने ते एकदम घसरून १२०च्या घरात आले, जणू मधले आकडे त्याने पाहिलेच नाहीत. घरी येऊन नोंद उघडली तेव्हा पावलांची गती दिसली: मिनिटाला १७४. त्या सकाळी घड्याळ माझी पावलं मोजत होतं आणि त्यांना ठोके म्हणत होतं. थंडीने त्वचेखालच्या रक्तवाहिन्या आकसलेल्या, पट्टा जरा सैल, घड्याळ मनगटाच्या हाडावर बसलेलं. कारणं सगळी समजण्यासारखी आहेत आणि त्यांबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती त्या १७४ च्या आविर्भावाबद्दल.

आता घड्याळाची बाजू घेणाऱ्यांचं ऐकू, कारण त्यांच्याकडे नुसता अनुभव नाही, अभ्यासही आहेत. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ साली ६० स्वयंसेवकांवर मनगटावरची ७ उपकरणं तपासली. त्यांपैकी ६ उपकरणांची हृदयगतीतली चूक ५ टक्क्यांच्या आत होती. हा निकाल चांगलाच आहे, तो नाकारण्यात अर्थ नाही. त्याच अभ्यासातली एक गोष्ट मला फार बोलकी वाटते: सगळ्यात कमी चूक जागेवरच्या सायकलवर झाली आणि सगळ्यात जास्त चालताना. व्यायाम जितका कष्टाचा तितकी चूक मोठी, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात घड्याळाला आपल्या दमण्याशी देणंघेणं नाही, हात किती स्थिर आहे याच्याशी आहे. (उष्मांकांच्या बाबतीत मात्र या अभ्यासाने कुणालाच सोडलं नाही. सगळ्यात चांगल्या उपकरणाची सरासरी चूक २७ टक्के, सगळ्यात वाईटाची ९३ टक्के. तरीही ‘आज इतक्या कॅलरी जाळल्या’ म्हणून सांगणारी माणसं रोज भेटतात.)

पण ‘५ टक्क्यांच्या आत’ याचा अर्थ काय? इथे वाद सगळ्यात जास्त वाकडा जातो. तासभराच्या पळण्यात पन्नास मिनिटं घड्याळ तंतोतंत बरोबर होतं आणि दहा मिनिटं ३० ठोके वर होतं असं समजा. खरे ठोके १५० असतील तर सरासरी चूक अवघी ५ ठोक्यांची, म्हणजे साडेतीन टक्क्यांच्याही आत. अहवालात हे घड्याळ उत्तम ठरेल. ज्याने त्या दहा मिनिटांतच मनगटाकडे पाहून वेग कमी केला, त्याच्या दृष्टीने ते शंभर टक्के चुकीचं होतं. सरासरी ही घड्याळ विकणाऱ्याच्या कामाची गोष्ट आहे; पळणाऱ्याला या घटकेचा आकडा हवा असतो.

दुसरा आधार दिला जातो तो परस्परसंबंधाचा, म्हणजे दोन मापं किती बरोबरीने वर-खाली होतात याचा. २०१७ मध्येच क्लीव्हलँड क्लिनिकच्या डॉक्टरांनी ५० निरोगी व्यक्तींना ट्रेडमिलवर चालवून-पळवून ईसीजीशी तुलना केली. छातीच्या पट्ट्याचा जुळणीचा गुणांक (पूर्ण जुळणी म्हणजे १) ०.९९ आला, मनगटावरच्या चार उपकरणांचा ०.८३ ते ०.९१. ०.९१ म्हणजे शंभरात एक्क्याण्णव, असं वाचणारे पुष्कळ आहेत. असे गुणांक परीक्षेतल्या गुणांसारखे वाचायचे नसतात. मार्टिन ब्लँड आणि डग्लस ऑल्टमन या दोन संख्याशास्त्रज्ञांनी १९८६ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातल्या लेखात परस्परसंबंधाच्या आकड्यांबाबत इशारा दिला होता: दोन साधनं एकमेकांशी संबंध राखतात याचा अर्थ ती एकमेकांशी सहमत आहेत असा होत नाही. दहा मिनिटं पुढे असलेलं भिंतीवरचं घड्याळ बरोबर चालणाऱ्या घड्याळाशी पूर्ण परस्परसंबंध राखतं, आणि त्याच्या भरवशावर राहिलेला माणूस रोज चुकीच्या वेळी पोचतो. म्हणून त्यांनी सांगितलं, दोन्ही मापांतला फरक घ्या आणि तो कुठपासून कुठपर्यंत पसरला आहे ते पाहा. पावलांचा हात धरलेल्या घड्याळाची चूक त्या पसरलेल्या टोकांत सापडते. जाहिरातीत ही टोकं कुणी कधी पाहिली आहेत का?

सगळ्यात जोरदार आक्षेप वेगळाच आहे आणि तो मला बरेच दिवस पटलेलाही होता. सामान्य माणसाला इतक्या काटेकोर आकड्याची गरजच काय? तो कुठे ऑलिम्पिकला निघालाय? घड्याळामुळे चार पावलं जास्त चालत असेल तर आठ-दहा ठोक्यांनी काय बिघडतं? हा आक्षेप आणखी धारदारही करता येतो. ज्या ‘झोन’च्या, म्हणजे कमाल हृदयगतीवरून पाडलेल्या टप्प्यांच्या, चौकटीत आपण हे आकडे बसवतो, ती चौकटच अंदाजाची आहे. २२० वजा वय हे कमाल हृदयगतीचं सूत्र १९७१ सालच्या एका समीक्षालेखातून पसरलं. त्यामागे या सूत्रासाठी मुद्दाम केलेला प्रयोग नव्हता. त्याचं प्रमाण विचलन, म्हणजे माणसामाणसांत सूत्रापासून पडणारा नेहमीचा फरक, साधारण १० ते १२ ठोक्यांचं आहे. म्हणजे चाळिशीच्या माणसाची कमाल गती सूत्राने १८० येत असली, तरी दर तिघांतल्या साधारण एकाची ती १७० च्या खाली किंवा १९० च्या वर असू शकते. पुढे २००१ मध्ये २०८ वजा वयाच्या ०.७ पट असं जरा बरं सूत्र आलं, पण माणसामाणसांतला फरक त्यानेही मिटत नाही. फूटपट्टीवरच्या खुणा अशा सरकत्या असताना घड्याळाच्या पाच ठोक्यांवरून भांडायचं कशाला?

पाच ठोक्यांवरून भांडू नये, हे मलाही मान्य आहे. पण पाच ठोक्यांची चूक आणि चाळीस ठोक्यांची चूक या एकाच चुकीच्या लहान-मोठ्या आवृत्त्या नाहीत. पहिलीत घड्याळ नाडीच मोजतंय, जरा ढोबळपणे. दुसरीत ते नाडी मोजतच नाही. आणि ‘सामान्य माणूस’ म्हणून ज्याच्या नावाने हा युक्तिवाद होतो, तो नेमका कोण? हृदयविकारातून उठून पुन्हा चालायला लागलेला, डॉक्टरांनी ‘या आकड्याच्या वर जाऊ नका’ म्हणून बजावलेला माणूसही सामान्यच असतो. त्याच्या मनगटावरचं घड्याळ चढावर पट्टा सैल झाल्यामुळे खालचा आकडा दाखवत राहिलं तर तो निश्चिंतपणे चढत राहील. बीटा-ब्लॉकर गोळ्या घेणाऱ्याची हृदयगती औषधानेच दाबलेली असते, त्याला २२० वजा वय मुळातच लागू नाही. घड्याळातल्या झोनना मात्र गोळी ठाऊक नसते. उलट टोकाला, नुकतीच पळायला लागलेली एखादी मुलगी पडद्यावर लाल १९० पाहून घाबरते आणि पळणं सोडून देते. या दोघांचं जे नुकसान होतं ते ‘थोडीफार चूक’ या सदरात बसत नाही. अंदाजाच्या चौकटीत चुकीचा आकडा टाकला की दोन्ही अंदाज एकमेकांना सावरत नाहीत.

मोजमापाच्या इतिहासात या प्रसंगातून आपण एकदा गेलेलो आहोत. इटलीच्या शिपिओने रिवा-रोची यांनी १८९६ साली दंडाला बांधायच्या पट्ट्याचं रक्तदाबमापक आणलं. त्यांचा पट्टा जेमतेम पाच सेंटिमीटर रुंद होता, त्यामुळे दाब खऱ्यापेक्षा जास्त यायचा. १९०१ मध्ये हाइनरिख फॉन रेकलिंगहाउझन यांनी ही चूक दाखवली आणि पट्टा रुंद झाला. १९०५ मध्ये निकोलाय कोरोत्कोव्ह यांनी स्टेथोस्कोपने आवाज ऐकून वरचा आणि खालचा असे दोन्ही दाब ठरवण्याची रीत दिली. ते उपकरण दवाखान्यादवाखान्यांत टिकलं, ते निर्दोष झालं म्हणून नव्हे. त्याच्या चुका कुठे होतात हे माहीत झालं आणि त्या टाळण्याचे नियम बसले म्हणून टिकलं. आधी पाच मिनिटं शांत बसायचं, दंडाच्या घेरानुसार पट्टा निवडायचा, हात हृदयाच्या उंचीला टेकवायचा, मोजताना बोलायचं नाही. पळता पळता घेतलेला रक्तदाब कुणी डॉक्टर फाइलमध्ये लिहील का? नाही लिहिणार, आणि त्यावरून ‘रक्तदाबमापक खरं की खोटं’ असा वादही कुणी घालत नाही. मनगटावरच्या नाडीला असा एकही नियम आपण लावलेला नाही. बसताना, झोपताना, वजन उचलताना, पोहताना, सगळीकडे तोच आकडा, तेवढ्याच वजनाचा.

नियम पाळले तर हे साधन काय करू शकतं हेही दिसलेलं आहे. ॲपलच्या घड्याळावर झालेल्या ‘ॲपल हार्ट स्टडी’ या अभ्यासात ४ लाखांहून अधिक लोक सहभागी झाले होते. त्यात घड्याळ माणूस स्वस्थ असतानाच नाडीची लय तपासायचं आणि अनियमितपणा पुन्हा पुन्हा दिसला तरच सूचना द्यायचं. सूचना मिळालेले निघाले सुमारे अर्धा टक्का. ज्यांनी नंतर ईसीजीचा पॅच लावला, त्यांच्या पॅचवरच्या नोंदींशी घड्याळाच्या सूचना ८४ टक्के वेळा जुळल्या. तोच हिरवा प्रकाश, तेच मनगट. फरक इतकाच की योग्य क्षण येईपर्यंत ते थांबलं आणि एका नोंदीवर विसंबलं नाही. सकाळी उठल्यावरची विश्रांतीतली नाडी, आठवड्याआठवड्यातला तिचा कल, झोपेतली गती या गोष्टींत मी स्वतः घड्याळावर विश्वास ठेवतो. ताप येण्याच्या आदल्या रात्री ती चढलेली मी पाहिली आहे.

मग व्यायामापुरता छातीचा पट्टा घ्या, संपला वाद, असं काही जण सुचवतात. पोलार ही कंपनी १९७७ साली फिनलंडमध्ये सुरू झाली आणि १९८२ मध्ये तिने बिनतारी हृदयगतीमापक बाजारात आणला. म्हणजे हे तंत्र चांगलं मुरलेलं आहे, आणि इंटरव्हल, म्हणजे आलटून पालटून जोरात आणि सावकाश व्यायाम, करणाऱ्याला मीही तेच सुचवेन, कारण प्रकाशाचं गणित करणारं घड्याळ अचानक चढलेल्या गतीच्या मागे राहतं. पण पट्टाही देव नव्हे. कोरडा बांधला तर पहिली काही मिनिटं, घाम येईपर्यंत, तो वेड्यावाकड्या उड्या मारतो; म्हणून जाणती माणसं बांधण्याआधी त्याची आतली बाजू पाण्याने ओली करून घेतात. कृत्रिम धाग्याचा सदरा अंगाला घासला की त्याची स्थिर वीजही त्यात घुसते. आणि ज्याला रोज पट्टा बांधायचा कंटाळा येतो त्याला ‘बांध’ म्हणण्याने घड्याळाचा प्रश्न सुटत नाही, कारण करोडो मनगटांवर असणार आहे ते घड्याळच.

उपाय घड्याळातच आहे, आणि मला सगळ्यात जास्त खटकतं ते हे की तो आधीपासून तिथे आहे. परतलेल्या प्रकाशाची लाट स्वच्छ आहे की गढूळ, हे गणिताला कळतं. ते कळल्याशिवाय त्याला हालचाल वजाच करता येणार नाही. फिटबिट घड्याळ वापरणाऱ्याने आपला साठवलेला डेटा मागवून घेतला तर त्यात हृदयगतीच्या प्रत्येक नोंदीशेजारी ‘विश्वास’ या नावाचा ० ते ३ असा एक अंक सापडतो. म्हणजे यंत्राला आपल्या शंकेची जाणीव असते. ती शंका पडद्यावर येत नाही, एवढंच. का येत नाही? लोकांना रिकामा पडदा आवडणार नाही, लोक गोंधळतील, असं उत्तर मिळतं. मला हे पटत नाही. फोनवरच्या नकाशात आपण कुठे आहोत हे नीट कळत नसेल तेव्हा निळ्या ठिपक्याभोवतीचं वर्तुळ मोठं होतं, आणि त्याने कुणी गोंधळलेलं मी पाहिलेलं नाही. वर्तुळ मोठं दिसलं की माणूस आपणहून इकडेतिकडे पाहून रस्ता ओळखतो. घरातलं रक्तदाबाचं यंत्र हात हलला तर चक्क चूक दाखवून थांबतं, आणि आपण पुन्हा पट्टा बांधतो. मग मनगटावरच्या आकड्याला शंका आली की तो फिका का होऊ नये? त्या जागी नुसती रेघ का येऊ नये?

प्रकाशावर चालणाऱ्या उपकरणांबाबत शंका झाकून ठेवण्याची किंमत काय असते, हे अलीकडेच एकदा दिसून गेलं. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर जगभरच्या रुग्णालयांनी वर्षानुवर्षं भरवसा ठेवला. डिसेंबर २०२० मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये मिशिगनच्या डॉक्टरांनी दाखवून दिलं की रक्तातला ऑक्सिजन खरोखर घटलेला असूनही यंत्राने ठीक दाखवण्याचं प्रमाण कृष्णवर्णीय रुग्णांत गोऱ्यांच्या जवळपास तिप्पट होतं. घड्याळातल्या नाडीबाबत हीच भीती घेऊन ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी वेगवेगळ्या वर्णांच्या ५३ जणांवर चाचणी केली. तिथे वर्णानुसार ठळक फरक सापडला नाही. हालचालीत मात्र चूक विश्रांतीपेक्षा सरासरी ३० टक्क्यांनी जास्त निघाली. ही दिलाशाची बाजू सांगायलाच हवी. पण ती कळली ती कुणीतरी गट पाडून, परिस्थिती बदलून मोजलं म्हणून. प्रत्येक कंपनीने चालणं, पळणं, वजन उचलणं, थंडी, घाम, गोंदलेलं मनगट असे वेगवेगळे निकाल, सरासरीच्या मागे न लपवता, सगळ्यात मोठ्या चुकीसकट जाहीर करावेत, ही मागणी जादा आहे का? ‘हे वैद्यकीय उपकरण नाही’ अशी बारीक अक्षरांतली ओळ छापली की ही जबाबदारी संपते, असं मला वाटत नाही. मोठ्या अक्षरात हृदय दाखवायचं आणि बारीक अक्षरात ते नाकारायचं, हे बरोबर नाही.

तोवर ज्याच्या हाती घड्याळ आहे त्याने काय करावं, हे सांगायला फार जागा लागत नाही. पट्टा मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर आणि घट्ट, थंडीत आधी अंग तापवून घ्यायचं, आणि आकडा व धाप यांचं जमत नसेल तर धापेचं ऐकायचं. स्वीडनच्या गुन्नार बोर्ग यांनी श्रमाची जाणीव ६ ते २० अशा अंकांत सांगण्याची पट्टी तयार केली, ती हृदयगतीच्याच अंदाजाने: तरुण निरोगी माणसाने ‘१३’ म्हटलं तर ठोके साधारण १३० असावेत. बीटा-ब्लॉकर घेणाऱ्यांनाही व्यायाम शिकवताना आकड्यापेक्षा या जाणिवेवर जास्त भर देतात. आणि गळ्यावरची दोन बोटं कुणाच्याही जवळ असतातच.

त्या थंडीतल्या सकाळची नोंद मी अजून ठेवली आहे. आलेखात ती वीस मिनिटं नितळ, न थरथरणारी रेघ आहेत, बाकीच्या रेघेपेक्षा जास्त नीटस. त्या दिवशी ॲपने मला ‘अतिश्रम’ म्हणून दोन दिवस विश्रांती घ्यायला सांगितलं आणि माझी कमाल हृदयगती त्या चुकीच्या आकड्यांवरून नव्याने बेतली. ती वीस मिनिटं माझ्या ठोक्यांची नव्हती हे त्याला कळवायला मी सगळी सेटिंग्ज धुंडाळली. अख्खा व्यायाम पुसून टाकायची सोय आहे. ‘हा आकडा चूक आहे’ असं म्हणायला जागा नाही.